उजवा पल्ला

"आधी दोघांना घरी येऊ द्या. मग बोलू."

हे म्हणताना मॅडम उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरत, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. समोर चहावाला असो, कुरियरवाला असो नाहीतर आमच्या इस्टेटचा सेक्रेटरी असो, तो हात खाली येईपर्यंत सगळे गुमान उभे राहत. मशीनवरचा आडवा पूल सावकाश मागे सरकत जाई. डावीकडे बारीक 'टिक' वाजे, मग उजवीकडे. मग मॅडमचा हात खाली येई. "हं. बोला आता."

अंबरनाथ पूर्वेच्या औद्योगिक भागात माझा नावाच्या पाट्या करायचा गाळा आहे. अ‍ॅक्रिलिक, पितळ, लाकूड, सांगाल ते. शेजारचा गाळा बरेच दिवस बंद होता. एके सकाळी आलो तर शटर अर्धं वर, आणि खालून सुती साडीतल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई लोखंडी चौकट आत ओढताहेत. मी धावलो. चौकट आत नेऊन ठेवली, तर त्यांनी आभार मानण्याआधी माझा खांदा दाबला.

"तुमचा डावा खांदा खाली आहे. एकाच हाताने पाट्या उचलता वाटतं?"

तेव्हापासून मी त्यांचा 'पाटीवाले' झालो. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मीही त्यांना मॅडमच म्हणत राहिलो, कारण सगळं जग त्यांना तेच म्हणायचं. त्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमच्या भागातल्या निम्म्या कारखान्यांत त्यांचे विद्यार्थी. पोट सुटलेला, केस पिकलेला एखादा मेंटेनन्स सुपरवायझर रस्त्यात त्यांना बघून हातातली सिगारेट पाठीमागे लपवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या राहायला पालेगावला, एका नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. "तळमजला नको होता," एवढंच म्हणाल्या होत्या. बाकीचं मला हळूहळू कळलं. काही त्यांच्याकडून, काही इकडून तिकडून.

त्यांचे यजमान लाकडावर कोरीवकाम करायचे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेठकडे त्यांची सारी हयात गेली. लोक त्यांना मिस्त्री म्हणत, आणि मॅडमही मिस्त्रीच म्हणत. "आमचे मिस्त्री." शिकलेल्या बाईने सुताराशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी बरीच वर्षं तोंड पाहिलं नव्हतं. मॅडमना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. "मी सर्किट जोडायचे, ते वेली जोडायचे," म्हणायच्या. "फरक काय?"

दोघांचं घर बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत. दोन खोल्यांचं, बैठं. त्या घरासाठी मिस्त्रींनी दोन पल्ल्यांचं सागवानी दार करायला घेतलं होतं. शेठच्या कारखान्यात, दिवसाचं काम आटपल्यावर ते त्यावर बसत. वेली, पानं, आंब्याच्या कैऱ्या, मधूनच एखादा पोपट. देवळाला शोभेल असं दार दोन खोल्यांना कशाला, म्हणून शेजारी हसायचे. डावा पल्ला पुरा झाला. उजवा वरून अर्ध्यापर्यंत आला. आणि त्या पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली.

पुरात मिस्त्री गेले. ते सापडलेसुद्धा नाहीत. दाराचे दोन्ही पल्ले उल्हासनगरला होते म्हणून वाचले. नंतर शेठने ते टेम्पोत घालून मॅडमकडे पाठवले.

आता मशीन कशासाठी, हे तुमच्या लक्षात आलं असेल. उजव्या पल्ल्याचा उरलेला अर्धा भाग मॅडमना पुरा करायचा होता. दुसऱ्या कुठल्या कारागिराला त्या पल्ल्याला हात लावू द्यायचा नव्हता, आणि स्वतःला पटाशी धरता येत नव्हती. तेव्हा त्यांनी आपल्याला येतं ते केलं. मशीन बांधलं. टेबलावर पल्ला आडवा ठेवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना रूळ, रुळांवर आडवा पूल, आणि पुलावर इकडून तिकडे फिरणारं कोरायचं हत्यार. आधी त्या हत्याराच्या जागी एक बारीक सुई लावायची. ती डाव्या पल्ल्याला जागोजागी टेकून त्याचे चढउतार संगणकाला सांगणार. मग संगणक तीच नक्षी आरशातल्यासारखी उलटी करून उजव्या पल्ल्यावर कोरणार.

ऐकायला सोपं. पण पूल चांगला रुंद. एकाच मोटरने एका बाजूने ओढला तर दुसरी बाजू मागे राहायची, पूल तिरका होऊन अडायचा. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक मोटर. साध्या पंख्याची मोटर नुसती फिरते. ही मोटर पावलं टाकते. संगणक सांगेल तितकी.

"आणि हिचा एक दुर्गुण सांगते," मॅडम मला वर्गात उभं करून शिकवावं तसं सांगायच्या. "पाऊल चुकलं तरी हिला पत्ता नसतो. अडखळते आणि पुढची पावलं मोजत राहते. तिला वाटतं, आपण पोचलो."

सुरुवातीला त्यांनी दोन्ही मोटरी एकाच ड्रायव्हरवर जोडल्या. ड्रायव्हर म्हणजे मोटरला वीज वाटून देणारी पाटी. ती दोघींना पुरेना, दोघी कण्हत बसल्या. मग दोघींना स्वतंत्र ड्रायव्हर, पण हुकूम एकच. पहिल्यांदा चालू केलं तर पूल मधूनच पिळला आणि कडाड् आवाज झाला. मी माझ्या गाळ्यातून पळत आलो. मॅडम खाली बसून हसत होत्या.

"समोरासमोर तोंड करून बसवल्यात ना. एक म्हणते पुढे, दुसरीचं पुढे म्हणजे मागे. नवराबायको आहेत नुसती." मग त्यांनी एका मोटरच्या तारांची अदलाबदल केली, आणि दोघी एका दिशेला निघाल्या.

तरी एक खोट राहिलीच. वीज गेली की पूल आपल्या वजनाने कुठेतरी तिरका बसायचा. मग त्यांनी दोन्ही रुळांच्या टोकाला एकेक स्विच लावला. रोज सकाळी पूल मागे यायचा. जी बाजू आधी स्विचला टेकेल ती थांबायची, दुसरी आपल्या स्विचला टेकेपर्यंत चालत राहायची. दोन्ही टेकल्या की पूल काटकोनात. याला त्या 'घरी येणं' म्हणायच्या.

नक्षी वाचायचं काम सुरू झालं तेव्हा माझ्या भिंतीपलीकडून दिवसभर टक, टक, टक येऊ लागलं. सुई लाकडाला टेकायची, उचलायची, पुन्हा टेकायची. हुबेहूब पटाशीवर लाकडी हातोडी पडावी तसा आवाज. एकदा मॅडम बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आत टकटक चालू होती. चहावाला आला, आतला आवाज ऐकला आणि दोन ग्लास भरून त्यांच्या पुढ्यात ठेवून गेला. आतल्या माणसाला एक. मॅडमनी दोन्ही चहांचे पैसे दिले. आपला चहा प्यायल्या. दुसऱ्या ग्लासावर साय धरली तरी तो तसाच ठेवला होता.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पाटीवाले, तुम्हालाही तसंच वाटतं ना? आत बसलेत असं?"

मी नाही म्हणालो. खरं तर त्या दिवसांत मी शेजारच्या गाळ्यावरून जाताना आत बघायचं टाळायचो.

डावा पल्ला वाचून झाला. मग जोड नीट बसावा म्हणून मॅडमनी उजव्या पल्ल्याचा मिस्त्रींनी कोरलेला वरचा भागही वाचून घेतला. तिथे घोटाळा झाला. डावा पल्ला उलटा करून उजव्यावर ठेवला तर दोन्ही जुळायला हवेत. पडद्यावर ते सुरुवातीला जुळत होते. मग जसजसं खाली यावं तसतशा उजव्या पल्ल्याच्या ओळी डाव्या अंगाला उतरत गेल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना पानाफुलांच्या गर्दीत ते कळत नव्हतं, पण पडद्यावर लपत नव्हतं.

"डावी मोटर पावलं खातेय," मॅडम म्हणाल्या. पूल चालता चालता डावी बाजू मागे पडली तर नेमकं असंच होईल. त्यांनी डावी मोटर बदलली. ड्रायव्हर बदलला. तारा बदलल्या, वेग कमी केला, रूळ घासून काढला. दर वेळी पुन्हा वाचून बघायचं, आणि दर वेळी ओळी तशाच उतरलेल्या. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. विद्यार्थी भेटायला आले तर हाताचा पंजा वर जायचा आणि खाली यायलाच विसरायचा.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "पल्ला उचलायला हात लावा. टोकाचं टोक फिरवायचंय."

मला कळेना. त्यांनी समजावलं. पल्ला उलटा फिरवून ठेवला की पल्ल्याची डावी बाजू मशीनच्या उजवीकडे येणार. चूक मशीनची असेल तर ती मशीनच्या डाव्या बाजूलाच दिसत राहील. चूक लाकडात असेल तर लाकडाबरोबर फिरेल.

आम्ही दोघांनी तो जड पल्ला उचलून फिरवला. मॅडमनी दोन्ही बाजू घरी आणल्या. सुई टेकू लागली. मी माझी कामं टाकून तिथेच बसलो. काही तरी होणार आहे असं वाटत होतं, आणि ते होऊ नये असंही वाटत होतं. पडद्यावर ओळी उमटत गेल्या. चूक लाकडाबरोबर फिरली होती.

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून त्या ओळी वरपासून खालपर्यंत तपासल्या. मग म्हणाल्या, "मशीन बरोबर आहे."

त्यांनी पल्ल्यावर हात फिरवला. कोरीवकामाच्या डाव्या कडेला पोचल्यावर बोटं थांबली. तिथे पटाशी नको तेवढी खोल गेली होती. एके ठिकाणी पोपटाची शेपटी किनारीत घुसली होती. "मिस्त्रींचा हात असा चुकत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना कडा दिसत नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्या उल्हासनगरला निघाल्या. "तुम्ही चला बरोबर," म्हणाल्या, म्हणून मीही गेलो. शेठ आता थकलेले, दुकान मुलगा बघायचा. मॅडमना पाहून ते उठून उभे राहिले. "आओ बेटा, बैठो."

मॅडम बसल्या नाहीत. "शेठ, मिस्त्रींना डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं का?"

शेठ मुलाकडे बघायला लागले, मग रस्त्याकडे. "मेरे को बोला था किसी को बोलना नहीं," शेवटी ते म्हणाले. "एक आँख तो गयी थी. बाजू का कारीगर उसको लाइन मार के देता था, फिर भी हाथ उतर जाता था. मैंने कहा, घर में बताओ. बोला, शेठ, वो डर जायेगी, दरवाजा पूरा होने दो, फिर मैं ही बोलूँगा."

येताना रिक्षात मॅडमनी मला पुराच्या दिवसाचं सांगितलं. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या गल्लीच्या कडेने उघडा नाला होता. त्याच्यावरची एक लादी कायमची गेलेली. दर वर्षी पाऊस तोंडावर आला की मिस्त्री स्वतः तिथे बांबू रोवून लाल फडकं बांधायचे. पाणी भरलं तर लोकांना कळावं म्हणून. त्या दिवशी पाणी कमरेला लागलं तेव्हा मॅडम आणि बाकीचे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढले. मिस्त्री शेजारच्या म्हाताऱ्या आजींना पाठीवर घेऊन आले, त्यांना जिन्यावर सोडलं आणि आणखी कोणी राहिलं आहे का बघायला मागे फिरले. परत येताना सगळ्यांना दिसत होते. फडकंही दिसत होतं. फडकं मिस्त्रींच्या डाव्या हाताला होतं, आणि चालता चालता त्यांनी नेमकं त्याच बाजूला, उघड्या नाल्यात, पाऊल टाकलं.

"आम्ही सगळे ओरडत होतो," मॅडम म्हणाल्या. "त्यांनीच बांधलेलं फडकं, पाटीवाले. ते त्यांना दिसलं नाही असं कसं मानायचं? लोक पाण्याचा जोर म्हणाले. मागून काही जण दुसरंही बोलले. घरात काही बिनसलं होतं का, असं मला तोंडावर विचारलं एकीने. आणि मी काय सांगणार? शेवटी शेवटी ते माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नसत. जेवताना मी काही दाखवलं तरी लक्ष नसायचं. मला वाटायचं, यांचं मन उडालं माझ्यावरून. मग ते त्या दिवशी असे चालत गेले."

रिक्षा एका वळणावर गर्दीत थांबली होती. मॅडमनी पदराने चष्मा पुसला.

"जेवायला मी रोज त्यांच्या डाव्या हाताला बसायचे," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकाचा ओटा त्या बाजूला होता म्हणून."

त्यानंतर काही दिवस शेजारचा गाळा उघडला नाही. मला भिंतीपलीकडची शांतता सहन होईना. मग एका सकाळी शटर वाजलं. मी गेलो. मॅडम हत्यारावर कोरायचं पातं चढवत होत्या. मी भीत भीत विचारलं, "मग आता काय करायचं? त्यांच्या ओळी उतरल्यात, तशाच उतरत न्यायच्या? डाव्या मोटरला थोडं मागे ठेवलं तर..."

"नाही," त्या म्हणाल्या. "तिरकं ते मुद्दाम करत नव्हते. मी मुद्दाम करू? त्यांना सरळच करायचं होतं."

"मग जोडाच्या ठिकाणी पायरी दिसेल."

"दिसू दे."

मशीन घरी आलं. मॅडमचा हात खाली आला. पातं लाकडाला लागलं आणि गाळाभर सागाचा वास पसरला. तो वास येताच त्या एक पाऊल मागे सरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी खुर्ची दिली, पण बसल्या नाहीत. दोन्ही मोटरी शेवटपर्यंत एका चालीने गेल्या. जिथे मिस्त्रींचं काम संपतं आणि मशीनचं सुरू होतं तिथे डाव्या कडेला वेल तुटल्यासारखी झाली आहे. बोट फिरवलं तर अडतं. मॅडमनी ती पायरी घासली नाही, तिथे खाच बुजवायची लांबीही भरली नाही.

दार तयार झालं तेव्हा त्यांनी पालेगावचा फ्लॅट सोडला आणि मांजर्लीच्या घरी परत राहायला गेल्या. सगळ्यांनी समजावलं. नदी पुन्हा येईल, तळमजला आहे, एकट्या आहात. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला त्या गल्लीत पाय ठेववत नव्हता. आता ठेववतो." मशीन त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याला देऊन टाकलं. तो ते घेऊन गेला त्या दिवशी त्यांनी मला एकच सांगितलं, "खांदा सरळ ठेवा."

त्यानंतर मी त्यांना दोनदा भेटलो असेन. दार लावलेलं पाहिलं. बैठ्या घराला ते खरंच जास्तच होतं. त्या गल्लीतल्या बायकांशी बोलत उंबऱ्यावर बसायच्या, आणि ज्या बाईने तोंडावर विचारलं होतं तिलाही चहा द्यायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मला निरोप मिळाला तेव्हा सगळं आटपलं होतं.

घर आता त्यांच्या भाच्याने भाड्याने दिलं आहे. परवा त्या भाडेकरूंची पाटी करायचं काम योगायोगाने माझ्याकडे आलं. पत्ता वाचून मी ती पोचवायला स्वतःच गेलो. साताऱ्याकडचं कुटुंब. नवरा कामावर होता, बाई एकटीच घरी. मी पाटी भिंतीला लावत होतो तेव्हा उंबऱ्याजवळ पाण्याने भरलेला पितळी तांब्या दिसला. माझा पाय लागेल म्हणून मी तो उचलायला गेलो.

"राहू द्या काका, तिथंच ठेवते मी," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "तुम्हाला सांगू का, हसू नका. दुपारी कधीकधी कडी वाजते. उघडलं तर कोणी नसतं. सुरुवातीला भ्याले मी. आता सवय झाली. म्हटलं, उन्हातनं कोण आलं असंल तर पाणी तरी असावं. सकाळी काठोकाठ भरून ठेवते."

पाटी लावली, हत्यारं पिशवीत भरली आणि निघताना तांब्यात डोकावलो. पाणी अर्ध्यावर आलं होतं.

उन्हाने आटलं असेल, असं मी मनाशी म्हणालो. दार मात्र दिवसभर सावलीत असतं.